खिंडीतली पाटी

घोटावडे,
ता. ११ डिसेंबर १९५९

चि. जयसिंग यास,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिला असे समज. पत्र रागाने लिहीत आहे आणि तो राग लपवायची माझी इच्छा नाही.

दोन दिवाळ्या झाल्या, तू घरात पाऊल टाकलेले नाहीस. पिरंगुटला रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होऊन आलास, हे मला टपालवाल्या भिकूकडून कळले. सख्ख्या भावाची बातमी भिकूने सांगायची! चार मैलांवर राहतोस. असो. हे पत्र त्यासाठी नाही.

काल खिंडीतून येत होतो. सुरुंग लावता त्या जागेच्या अलीकडे तुमच्या खात्याने पाटी ठोकली आहे. पांढऱ्या फळीवर तांबडी अक्षरे. मजकूर ओव्हरसियरसाहेबांचा, असे तुझ्या मुकादमाने मोठ्या ऐटीत सांगितले. मी उन्हात उभा राहून ती पाटी जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली. तुझ्याही डोळ्यांना दिसू दे:

"सावधान! पूढे सूरूंगाचे काम चालू आहे. लाल निशाण नसल्यास कोणिही पुढे जाऊ नये. हूकूमावरून."

जयसिंग, एवढ्याशा मजकुरात सहा चुका! पहिल्या ओळीत "पूढे", तिसऱ्या ओळीत "पुढे". रंगाऱ्याला तरी वाटायला नको का, की दोन्ही बरोबर कसे असतील? "सुरुंग" शब्दातली दोन्ही अक्षरे ह्रस्व, ती दोन्ही दीर्घ केली. "कोणीही" मधला णी दीर्घ, तो ह्रस्व केला. आणि "हुकूम" मधला कू दीर्घ असला तरी पुढे प्रत्यय लागला की तो ह्रस्व होतो, हे तू तिसरीत असताना मी तुला शिकवले होते. तुम्ही हू आणि कू दोन्ही दीर्घ करून ठेवलेत.

तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी दादाने पत्र लिहिले. माझ्याकडे दिवेलागणीला साक्षरतेचा वर्ग असतो. वाडीवरच्या अकरा बायका आणि पाच पुरुष दोन मैल उतरून येतात, दिवसभर मोळ्या आणि कोळशाच्या पोत्यांनी माना मोडलेल्या असतात, तरी येतात. त्या बायका येता-जाता तुझी पाटी वाचतात. परवा त्यांतली गंगू मला म्हणाली, "गुरुजी, तुमी सुरुंग बारका लिवला आन सरकारनं मोठा लिवलाय. मंग खरं कुनाचं?" काय सांगू मी तिला?

आठ दिवसांत पाटी दुरुस्त करून घे.

हैबतराव


घोटावडे,
ता. २२ डिसेंबर १९५९

जयसिंग,

तुझे कार्ड मिळाले. दीड ओळीचे. "दादा, मी आता तुमच्या छडीखाली नाही. पाटी वाचून लोकांना समजते, तेवढे पुरे."

छडीचे म्हणशील तर, हो, मारली. वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. शुद्धलेखनाच्या वहीत तांबड्या खुणा जितक्या, तितक्या छड्या, हा नियम मी सगळ्या वर्गाला लावला आणि तुलाही लावला. भाऊ म्हणून सूट दिली असती तर गावाने काय म्हटले असते?

आणि चांदे गावच्या तुझ्या मोडलेल्या सोयरिकीचे तू कार्डात लिहिले नाहीस, पण तुझ्या दीड ओळीत मला तेच ऐकू आले. पाहुण्यांपुढे तुझा नोकरीचा अर्ज मी मोठ्याने वाचला, त्यातल्या चुका दाखवल्या, लोक हसले. हसण्याने सोयरीक मोडत नाही. मुलीच्या मामाला आपली जमीन डोंगराकडची वाटली, म्हणून मोडली. हे मी तुला तेव्हाही सांगितले होते.

पाटी आहे तशीच आहे. रविवारी मी मुद्दाम शाळेतला निळा खडू घेऊन खिंडीत गेलो आणि सहाही चुकांवर काट मारून वर बरोबर अक्षर लिहून आलो. तुझ्या मुकादमाने ते ओल्या फडक्याने पुसले आणि मला म्हणाला, "मास्तर, सरकारी फळीला हात लावायचं काम न्हाई." चुका ठेवायला हात चालतात, काढायला चालत नाहीत!

हैबतराव


घोटावडे,
ता. ९ जानेवारी १९६०

जयसिंग,

गंगूचा उजवा हात गेला. कोपराच्या वर कापावा लागला. पुण्याच्या दवाखान्यात पडून आहे. तुझ्या कचेरीत तुला हे कळले असेलच, पण तिथे जे कळले असेल ते खरे नाही. खरे काय झाले ते तिच्या सासूने, भिमाबाईने, मला सांगितले. तसेच्या तसे लिहितो. उठून जाऊ नकोस, पुरते वाच.

परवा दुपारी वाडीच्या पाच जणी मोळ्या घेऊन पिरंगुटच्या बाजाराला निघाल्या होत्या. खिंडीत पोचल्या तर लाल निशाण लावलेले. राखणदार निशाण रोवून पलीकडे वातीपाशी गेलेला. चौघींनी मोळ्या उतरवल्या आणि सावलीला बसल्या. रोज बसतात तशा. गंगू पाटीपुढे उभी राहिली आणि बोट फिरवत वाचू लागली. एकदा वाचले. पुन्हा वाचले.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "आपुन उगंच बसलोय. लाल निशाण नसल्यास कोनी म्होरं जाऊ नये, असं लिवलंय. निशाण नसल्यावर जायाचं न्हाई. आता निशाण हाय. म्हंजी जायाचं."

"अगं, तांबडं फडकं म्हंजी थांबायचं. कालबी थांबलो की."

"काल म्या पुरतं वाचलं नव्हतं."

बाकीच्या हसल्या. गंगूला ते लागले. म्हणाली, "हसू नका. यष्टीच्या येळंबी हसला हुता." ते मला ठाऊक आहे. दिवाळीच्या आधी पौडच्या थांब्यावर सगळे सांगत होते की हीच गाडी मुळशीची. गंगूने गाडीवरची पाटी वाचली आणि सासूला दंडाला धरून खाली उतरवले. गाडी पुण्याची होती. त्या दिवशी वर्गात मी तिला सगळ्यांपुढे उभी केली आणि म्हणालो, "बघा, माणसं चुकतात. लिहिलेलं चुकत नाही." हे वाक्य माझे आहे, जयसिंग. मी ते फळ्यावर लिहून सोळा जणांकडून दहा-दहा वेळा गिरवून घेतले होते.

गंगूने मोळी डोक्यावर घेतली. "मी म्होरं हुते, तुमी या." भिमाबाईही उठली, वाकून मोळी उचलू लागली, एवढ्यात सुरुंग उडाला.

ज्यांना वाचता येत नव्हते त्या चौघी वाचल्या. जिला वाचता येत होते तिच्यावर धोंडा पडला.

"नसल्यास"! "असल्यास" हवे तिथे "नसल्यास"! बिगरीच्या वर्गातल्या पोराने केली तरी कान उपटावा अशी चूक तू तांबड्या रंगात लिहून रस्त्यावर उभी केलीस. पाटी वाचून लोकांना समजते, तेवढे पुरे, असे लिहिलेस ना मला? समजले बघ तिला. एकटीला समजले. तुझ्या पाटीवर जे लिहिले होते तेच तिने केले. तुझ्या खात्याचा हुकूम मानणारी या मुलखात ती एकटी बाई होती, आणि तिचा तू हात घेतलास.

काल तिचा नवरा चिंधू शाळेत आला. पोरांसमोर आला. मला वाटले मारतो आता. मारले असते तर बरे झाले असते. दारात उभा राहून त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, तिला वाचाया कुनी सांगितलं व्हतं?"

त्याचे उत्तर तू दे.

हैबतराव


घोटावडे,
ता. २५ जानेवारी १९६०

जयसिंग,

तुझे पाकीट पंधरा दिवसांनी आले. या वेळी दीड ओळ नाही. चार पाने आहेत, आणि सगळ्या चार पानांत मला एकच ओळ दिसते: "दादा, ११ डिसेंबरच्या तुमच्या पत्रात तुम्ही पाटी जशीच्या तशी उतरवली आहे. त्यात 'नसल्यास' आहे. तुम्ही सहा चुका काढल्या. ही का नाही काढली?"

हे पत्र लिहायला घेऊन तीन कागद फाडले. पहिल्या दोनांत मी तुलाच शिव्या दिल्या होत्या.

मला दिसली नाही, जयसिंग.

मी त्या पाटीपुढे दोनदा उभा राहिलो. दुसऱ्यांदा हातात खडू होता. "कोणिही" वर काट मारली तेव्हा माझा हात "नसल्यास" पासून वीतभर अंतरावर होता. त्या शब्दाला मी हात लावला नाही, कारण त्यात ह्रस्वदीर्घाची चूक नव्हती. पाटी काय सांगते आहे ते मी वाचलेच नाही. वीस वर्षे मी पोरांच्या वह्या अशाच तपासल्या असणार.

पण म्हणून तुझी चूक कमी होत नाही. तू लिहितोस, मसुद्यात "निशाण असल्यास" होते, रंगाऱ्याने ण च्या पुढे अ च्या जागी न चढवला आणि तू रंग वाळण्याआधी पाटी पाहिली नाहीस. माझे पत्र आल्यावर तरी पाहिली असतीस. पण दादाचे पत्र म्हणजे पुन्हा छडी, म्हणून तू ते नुसते चाळलेस, उतरवलेली पाटी वाचलीच नाहीस, हेही तूच लिहितोस. मी वाचले आणि समजून घेतले नाही. तुला समजले असते, पण तू वाचले नाहीस. दोघा भावांच्या मध्ये ती बाई चिरडली.

सोयरिकीचेही आता लिहितो. मुलीच्या मामाला जमीन डोंगराकडची वाटली नव्हती. निघताना तो मला म्हणाला होता, "ज्या घरात थोरला भाऊ धाकट्याची अशी चव्हाट्यावर इज्जत काढतो, तिथं आमची पोर कशी नांदंल?" मी तुला खोटे सांगितले. दोन वर्षे सांगत आलो.

आता पुढचे ऐक. तू लिहितोस की चौकशी लागली आहे, आपण दोघांनी गप्प राहावे, त्यात दोघांचे भले आहे. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी पाटी नवी रंगवली गेली. आज खिंडीत "असल्यास" आहे, "पुढे" आहे, "सुरुंग" सुद्धा ह्रस्व आहे. महिनाभर जे झाले नाही ते एका रात्रीत झाले! तुझ्या कचेरीत म्हणे लिहून ठेवले आहे की पाटी पहिल्यापासून अशीच होती, आणि "सदर बाई निरक्षर असून तिने निशाणाकडे दुर्लक्ष केले." म्हणजे हात गेला, वर वाचायला येत होते तेही काढून घ्यायचे.

पाटी आधी कशी होती याचा लेखी पुरावा जगात एकच आहे. माझे ११ डिसेंबरचे पत्र; वहीतली नक्कल मी मागाहून लिहिली, असे कुणीही म्हणेल. ते तुझ्यापाशी आहे. त्यावर भिकूच्या टपालाचा शिक्का आहे.

जाळू नकोस. चौकशीच्या साहेबांकडे पाठव. तुझ्या नोकरीचे काय होईल मला सांगता येत नाही. माझे काय होईल तेही सांगता येत नाही; ज्या मास्तराने पाटी वहीत उतरवली आणि त्याला ती कळली नाही, त्याला गाव काय म्हणेल ते म्हणू दे. आज्ञा करत नाही. आज्ञा करायचा माझा हक्क तू म्हणतोस तसा संपला. मागतो आहे.

दादा


घोटावडे,
ता. २ मार्च १९६०

प्रिय जयसिंग,

तुझी बदली जुन्नरला झाल्याचे तुझ्या पत्रावरून कळले. सुनावणीला तू नव्हतास, म्हणून काय झाले ते सांगतो.

परवा गावच्या चावडीत साहेब बसले होते. बरोबर एक कारकून. आम्ही बाकीचे बाहेर, दाराशी. गंगूला चिंधूने आणि भिमाबाईने धरून आणले होते. लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता तिने. माझ्याकडे पाहिले नाही.

कारकुनाने तिची जबानी आधीच लिहून आणली होती! भराभर वाचली, कुणाला काही कळू नये अशी, आणि शाईची डबी पुढे सरकवून म्हणाला, "डावा अंगठा दे."

गंगू म्हणाली, "कागूद द्या."

"कशाला?"

"बघत्ये."

कारकुनाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान हलवली. गंगूने कागद मांडीवर ठेवला, डाव्या हाताचे बोट पहिल्या ओळीवर टेकवले आणि वाचू लागली. तुला सांगतो, जयसिंग, तेवढ्या वेळात एखादा माणूस विडी ओढून मोकळा झाला असता. साहेब घड्याळ पाहू लागले. मला मध्येच बोलून तिला शब्द सांगावासा वाटत होता. मी जीभ चावून उभा राहिलो. चौथ्या ओळीवर तिचे बोट थांबले.

"नि... र... क्ष... र." क्ष तिने दोनदा म्हटला. मग वर पाहून कारकुनाला विचारले, "ह्येचा अर्थ काय?"

कारकून म्हणाला, "निरक्षर म्हणजे जिला वाचता येत नाही ती."

"मंग ह्ये आता वाचलं कुनी?"

भिमाबाई हसली, आणि हसता हसताच रडू लागली.

साहेबांनी कारकुनाच्या हातातून कागद घेतला. मग दप्तरातून तुझे रजिस्टर पाकीट काढले. मला आत बोलावले.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"पाटीवर 'नसल्यास' होतं?"

"होतं."

"तुम्ही शिक्षक. महिनाभर आधी तुम्ही हे स्वतः लिहून घेतलंत. कळलं नाही तुम्हाला?"

चिंधू दारात उभा होता. त्याला पहिल्यांदाच कळत होते. मी साहेबांना म्हणालो, "चुका मोजत होतो. वाचत नव्हतो."

जबानी पुन्हा लिहिली गेली. गंगूने ती पुन्हा वाचली, तेवढाच वेळ घेऊन. अंगठा दिला नाही. डाव्या हाताने "गंगू" लिहिले. ग उलटा पडला, तो खोडून परत काढला. पाटी सदोष होती आणि ती नंतर बदलली, असे साहेबांनी लिहून घेतले. कारकुनाचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. मुकादमाला कामावरून काढले. तुझी बढती तीन वर्षे थांबवली असे ऐकतो. तू लिहिले नाहीस, पण खरे असणार.

तरी राग जात नाही. सगळे आटोपून उठताना साहेब गंगूला काय म्हणाले माहीत आहे? "बाई, पुढच्या वेळी जरा निशाणाकडे बघून चालत जा." पुढच्या वेळी! मी काही बोलणार होतो. त्याआधी भिमाबाईच म्हणाली, "सायेब, पुढच्या येळी तुमी जरा बघून लिवा."

तू ते पत्र पाठवलेस. जाळू शकला असतास. मी तुझ्या वह्यांवर बारा वर्षे तांबड्या खुणा केल्या, पण त्यात एकदाही "शाबास" लिहिले नव्हते, हे मला परवा चावडीत उभा असताना आठवले. आता लिहून उपयोग नाही. तुझी वहिनी म्हणते, चैत्रात सुट्टी मिळाली तर चार दिवस येऊन जा. मीही म्हणतो.

दादा


घोटावडे,
ता. १८ एप्रिल १९६०

प्रिय जयसिंग,

तुझे पत्र मिळाले. चैत्रात जमत नाही, बघू, असे लिहिलेस. "नाही" लिहिले नाहीस, एवढ्यावर घरात तुझी खोली झाडून ठेवली आहे.

वर्गाचे विचारलेस म्हणून सांगतो. अपघातानंतर वाडीवरून कुणी येईना. सोळाचे तिघे राहिले. मी कंदील लावून बसायचो आणि तिघांना बाराखडी म्हणायला लावायचो. मलाच तोंड उघडावेसे वाटत नव्हते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी गंगू आली. चिंधू मागे होता, तो आत आला नाही, उंबऱ्यावर पाठ करून बसला. गंगूने दगडी पाटी घेतली नाही. समोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "गुरुजी, एक इचारायचं हाय. तुमी आमाला वाचाया शिकवलं. पन वाचलेलं खोटं असतंय, ह्ये का न्हाई शिकवलं?"

मी म्हणालो, "मलाच माहीत नव्हतं."

"आता कळलं न्हवं?"

"कळलं."

"मंग शिकवा की! का दुसऱ्या कुनाचा हात जायाची वाट बघताय?"

असे कुणी माझ्याशी बोलले नव्हते. वडीलही नाही. मी तिथल्या तिथे फळ्यावरचे जुने वाक्य पुसले. आता रोज वर्ग सुरू झाला की मी फळ्यावर पाच वाक्ये लिहितो. त्यांतले एक खोटे किंवा उलटे असते. कुठले ते मी सांगत नाही. त्यांनी वाचायचे, आपसांत भांडायचे आणि मला पकडायचे. पहिल्या दिवशी कुणीच बोलेना; गुरुजींना खोटे कसे म्हणायचे? गंगू म्हणाली, "म्या म्हनते." आता अकरा जण येतात आणि माझी पंचाईत करतात. परवा मी खरे म्हणून लिहिलेल्या वाक्यातही चूक सापडली. बरोबर होती त्यांची.

काल मी लिहिले, "भात पेरल्यावर आठ दिवसांनी कापावा." आत नुसता गलका झाला. उंबऱ्यावर चिंधू बसला होता, आजवर त्याने एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. काल वळला.

"काय लिवलंय गं?" त्याने गंगूला विचारले.

तिने वाचून दाखवले. चिंधू उठला, आत आला. मी माझ्या जागेवरून हललो नाही. फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला, त्याला काही कळत नव्हते. मग माझ्याकडे बघितले, शाळेत आला होता त्या दिवशी बघितले होते तसेच.

"गुरुजी," तो म्हणाला, "मला बी एक दगडी पाटी द्या. तुमच्या चुका मला सोताला धरायच्यात."

मी दिली. थोबाडीत मारावी तशी त्याने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि बायकोच्या शेजारी, तिच्या उजव्या अंगाला, जाऊन बसला.

दादा